गळ्यातला नकार

मंगळवेढ्यात पट्टी आली आणि तोंडानं नाही म्हणायचं काम माणसांनी जवळजवळ सोडूनच दिलं.

पूर्वी कोणी जामीन मागायला दारात आलं की घरातल्यांची काय तारांबळ उडायची! एखादा मागच्या दारानं रानात सटकायचा, एखाद्याला नेमकी त्याच दिवशी कणकण यायची, एखादा "बायकोला विचारून सांगतो" म्हणायचा, आणि तिनं कधीच कशाला हरकत घेतलेली नाही हे साऱ्या गल्लीला ठाऊक असायचं. एवढं करून शेवटी सही व्हायचीच. भिडेखातर. भीड हा आपल्याकडचा असा आजार आहे की त्यात माणूस मरत नाही, नुसता बुडतो. पतसंस्थेचं कर्ज घेणारा एक, फेडणारा भलताच, आणि मधे तुटलेली सोयरीक, असं गल्लोगल्ली झालेलं होतं.

आता मात्र मागायला आलेल्याला लोक कोपऱ्यावरच्या हॉटेलात नेऊन भजी खाऊ घालत. "देतो की जामीन! त्यात विचारायचं काय?" असं चारचौघांत मोठ्यानं म्हणत. मग पतसंस्थेत जाऊन गळ्याला पट्टी लावून घेत. पट्टीनं 'अपात्र' असा निकाल दिला की बाहेर येऊन हळहळत, "माझी फार इच्छा होती हो, पण यंत्रापुढं काय चालतंय?" मागणाराही मान डोलवी. दोघांचीही अब्रू शाबूत राही आणि पुढच्या लग्नाकार्यात दोघं एका पंगतीला बसत.

ही पट्टी लावायचं काम मल्लिनाथ आवटीकडे होतं. पतसंस्थेत बत्तीस वर्षं नोकरी, निवृत्तीला चार वर्षं उरलेली, डोक्यावर टक्कल आणि स्वभाव असा की वाण्यानं चुकून जास्त दिलेले सुट्टे पैसे परत करायला तो उन्हातून मैलभर चालत जाईल. जामीनदार संरक्षण कायदा झाला तेव्हा प्रत्येक पतसंस्थेत एक 'संमती अधिकारी' नेमणं सक्तीचं झालं. शासनाचं प्रशिक्षण, शासनाचा परवाना. संस्थेच्या अध्यक्षांनी फार विचार न करता मल्लिनाथचं नाव दिलं होतं. लबाडी करायची म्हटली तरी ह्याला जमणार नाही, असं ते हसत म्हणाले होते.

पट्टीमागचं शास्त्र तसं सोपं होतं. माणूस बोलतो त्याआधी क्षणभर मेंदू जिभेला आणि गळ्याला हुकूम सोडतो. मग तो शब्द ओठांबाहेर पडो न पडो, स्नायूंपर्यंत विजेची बारीकशी लहर पोचलेली असते. ती कातडीवरूनही मोजता येते. आता 'हो' म्हणून बघा. जिभेचं टोक जागचं हलत नाही, नुसता श्वास आणि ओठ. पण 'नाही' म्हणायला जीभ वरच्या दातांमागे टेकावीच लागते. कानडी माणसाच्या 'इल्ला'लाही जीभ उचलावी लागतेच. तोंडानं 'हो' म्हणणाऱ्या माणसाच्या जिभेखाली आधी 'नाही'ची लहर येऊन विरून गेली, तर त्यानं नकार गिळला असं समजायचं. हनुवटीखाली चिकटवलेली चार बोटांची पट्टी तेवढंच पकडायची. अधिकाऱ्यासमोरच्या पडद्यावर लाल किंवा हिरवी रेघ उमटायची.

कायदा करणाऱ्यांनी डोकं वापरलं होतं हे खरं. कर्जदारानं खोलीत यायचं नाही. रेघ फक्त अधिकाऱ्यानं बघायची, जामीनदारालाही दाखवायची नाही. बाहेर सांगायचं ते 'पात्र' किंवा 'अपात्र', कारण नाही सांगायचं. माणसाच्या गळ्यातलं खासगी म्हणून मूळ नोंद चोवीस तासांत पुसून टाकायची. तांत्रिक अडचण आली तर त्याच दिवशी एकदा फेरचाचणी घ्यायची मुभा होती. ती अडचण खरी होती की नाही हे अधिकाऱ्याच्या शब्दावर होतं. सगळ्यांच्या गळ्याला पट्टी लावली, अधिकाऱ्याच्या गळ्याला लावायचं तेवढं राहून गेलं.

आणखी एक गोष्ट राहून गेली होती, ती एकट्या मल्लिनाथला माहीत होती.

सुरुवातीच्या दिवसांत आपल्या भागात पट्टी साफ नापास झाली होती. खुर्चीत बसलं की म्हातारी माणसं मनातल्या मनात जप सुरू करत. त्यांच्या जिभा आतल्या आत सारख्या हलत आणि यंत्राला त्यात नकारच नकार दिसत. सोलापूर जिल्ह्यात जामीन द्यायला कोणी राजीच नाही असा अहवाल मुंबईला गेला होता म्हणे! मग इंजिनियरांनी एक गाळणी बसवली. ठरावीक ठेक्यातली हालचाल आली की ती जप समजून यंत्रानं सोडून द्यायची. पण तो ठेका चालू असेतोवर त्यात मिसळलेला नकारही गाळला जायचा. मल्लिनाथला हे एका निवृत्त गुरुजींमुळे कळलं. आधीच्या दोन जामिनांना लाल आलेले गुरुजी तिसऱ्या जामिनाला हिरवे आले. असं कसं, म्हणून त्यानं विचारलं. गुरुजी म्हणाले, "भीती वाटली की मी मनात एकोणतीसचा पाढा म्हणतो." मल्लिनाथनं हे वर कळवायला हवं होतं. कळवतो कळवतो म्हणत दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत त्यानं ह्या गोष्टीचा गैरफायदा मात्र एकदाही घेतला नाही. घेतला तो पुढं, एकदाच, आणि तो घरात.

त्याची एकुलती एक मुलगी प्रणिता. जावई ओंकार बिराजदार, बोलायला गोड, डोक्यात दर सहा महिन्यांनी नवा धंदा. ह्या वेळी ज्वारीच्या पोह्यांचा कारखाना होता. मंगळवेढ्याची ज्वारी, पुण्या-मुंबईत विक्री, कागदावर सगळं चोख. कर्ज अठरा लाखांचं आणि जामीनदार घरदार असलेला हवा. संस्थेच्या नोकराचा जामीन चालत नव्हता, म्हणून मल्लिनाथ सुटला होता. पण प्रणिता माहेरी येऊन आठ दिवस राहिली, आठही दिवस तिनं नीट जेवण केलं नाही, आणि जाताना म्हणाली, "बाबा, आक्कांना विचारा की. त्यांचं घर त्यांच्याच नावावर आहे."

आक्का म्हणजे मल्लिनाथची थोरली बहीण महानंदा. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून तेहतीस वर्षं राबलेली. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नाही. मल्लिनाथचं सोलापूरचं कॉलेज, खानावळ, पहिली सायकल, सगळं तिच्या पगारातून झालं. रिटायर होताना आलेल्या पैशातून तिनं दोन खोल्यांचं घर बांधलं आणि पुढच्या खोलीत एक बाकडं, वजनकाटा आणि रक्तदाब बघायचं यंत्र ठेवलं. गल्लीतल्या गरोदर बायका सकाळी तिथं येऊन बसत. आक्का कोणाकडून पैसा घेत नसे, पण दमात घ्यायला मात्र मुळीच कमी करत नसे.

मल्लिनाथ जावयाला घेऊन तिच्याकडे गेला. ओंकारनं वाकून नमस्कार केला आणि सोबत आणलेली पोह्यांची पाकिटं पुढं ठेवली. आक्कानं सगळं ऐकून घेतलं.

"देते की जामीन," ती म्हणाली. "जावईबापूंना न्हाई कसं म्हनायचं?"

ओंकार खूष होऊन फोनवर बोलायला बाहेर गेला. आक्का मल्लिनाथकडे न बघता वजनकाटा पुसत म्हणाली, "पट्टी हाय की मल्लू. काय असंल ते पट्टी सांगंल."

तिला काय म्हणायचंय हे मल्लिनाथला लख्ख कळलं. सारं गाव तेच करत होतं आणि तीही तेच करणार होती. तोंडानं हो म्हणायचं, नकाराचं काम पट्टीवर सोपवायचं आणि भावाला, भाचीला, जावयाला कोणालाच दुखवायचं नाही. त्यानं न कळल्यासारखं केलं आणि "निघतो मग" म्हणून चपला घातल्या.

चाचणीच्या दिवशी आक्का इस्त्रीचं पातळ नेसून आली होती. संस्थेत संमती अधिकारी एकच, त्यामुळं चाचणी मल्लिनाथनंच घ्यायची होती. खोलीचं दार लागलं. मल्लिनाथनं तिच्या हनुवटीखाली पट्टी चिकटवली. लहानपणी ताप आला की ती त्याच्या गळ्याला हात लावून बघायची, तशी त्याची बोटं आता तिच्या गळ्याशी होती.

"महानंदाबाई, कर्ज न फेडलं गेल्यास तुमचं घर जप्त होऊ शकतं हे तुम्हाला समजलंय का?"

"हो."

"स्वखुशीनं जामीन राहता का?"

"हो."

रेघ लाल झाली. फिकट, शंकास्पद वगैरे नाही. लालभडक. आक्का शांत बसून होती. आपलं काम झालं, आता हा बाहेर जाऊन 'अपात्र' सांगेल, अशा निवांतपणानं ती खिडकीबाहेर बघत होती.

मल्लिनाथला प्रणिताचं न जेवलेलं ताट दिसत होतं. कारखाना चांगला चालेल, कर्ज फिटेल, आक्काला कळणारही नाही, असं त्यानं स्वतःला पटवलं. पटवायला दहा सेकंदही लागले नाहीत, आणि पुढं जन्मभर त्याला त्या दहा सेकंदांचीच लाज वाटत राहिली. त्यानं पडद्यावर 'तांत्रिक अडचण' लिहिलं.

"आक्का, परत घ्यावं लागंल. तू घाबरलीयस. असं कर, मनात एकोणतीसचा पाढा म्हण. म्हणजे यंत्राला त्रास होत नाही."

आक्कानं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. रागानं नव्हे. पेशंट काहीतरी लपवतोय हे ओळखल्यावर नर्स बघते तशी.

"पाढा म्हनू?"

"म्हण."

"तू म्हन म्हन्तोस?"

"हो."

ती डोळे मिटून बसली. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. तिच्या गळ्याखालची शीर ठेक्यात हलताना मल्लिनाथला दिसत होती. त्यानं प्रश्न विचारले, ती हो म्हणाली, रेघ हिरवी आली. बाहेर ओंकारनं पेढे वाटले. आक्कानं पेढा घेतला, तोंडात घातला नाही, पदराच्या टोकात बांधून घरी नेला.

कारखाना चौदा महिने चालला. पोहे बरे होते, पण मोठ्या कंपनीनं तसलेच निम्म्या किमतीत आणले. ओंकारनं यंत्रं विकली, त्यातून दुसऱ्याच कोणाची देणी भागवली आणि प्रणिताला घेऊन पुण्याला नोकरीला गेला. तिथून तो फोनवर फार छान बोलायचा. हप्ता मात्र एकही आला नाही. आक्काच्या दाराला नोटीस लागली. ती चिकटवायला गेलेला शिपाई परत येऊन मल्लिनाथला म्हणाला, "साहेब, बाईंनी मला बसवून बीपी बघितलं. गोळ्या चुकवू नको म्हणाल्या."

त्या दिवसापासून मल्लिनाथचं जेवण निम्म्यावर आलं. आक्काच्या घरावरून जायचं टाळून तो वेशीला वळसा घालून ऑफिसला जाऊ लागला. आक्का त्याला एका शब्दानं बोलली असती तर बरं झालं असतं. ती बोलली नाही, उलट नागपंचमीला त्याच्यासाठी पुरणाची दिंडं पाठवली.

एक आशा उरली होती. जामीनदाराचं घर विकण्याआधी सोलापूरच्या आयोगापुढं त्याची संमती पुन्हा तपासायची, असं कायद्यातच होतं. तिथं लाल रेघ आली किंवा अधिकाऱ्यानं चूक कबूल केली, तर जामीन रद्द आणि घर मोकळं. कबूल करणाऱ्याचं मात्र कठीण होतं. परवाना जाणार, ग्रॅच्युइटी अडकणार, तीन वर्षांपर्यंत तुरुंग. मल्लिनाथनं रविवारी बसून सगळं कागदावर लिहून काढलं. पहिल्या चाचणीची लाल रेघ, तांत्रिक अडचणीचं खोटं कारण, पाढा. खाली सही केली, कागदाची घडी खिशात ठेवली, आणि बऱ्याच महिन्यांनी त्याला पोटभर जेवण गेलं.

सुनावणीच्या दिवशी आयोगाच्या व्हरांड्यात दोघं बाकावर बसले होते. आक्कानं पाण्याची बाटली पुढं केली.

"खिशात काय हाय?" तिनं विचारलं.

"कुठं काय?"

"सकाळपासनं धा येळा हात लावलास."

त्यानं सांगितलं. "त्या दिवशी लाल आलं होतं आक्का. मी बघितलं होतं. तुझं नाही मला दिसलं होतं, आणि मी ते पुसलं."

"म्हाईत हाय मला," आक्का म्हणाली. "पाढा कशाला म्हनायला लावलास ते न कळायला मी काय कुक्कुलं बाळ हाय? तेहतीस वर्सं नर्स होते." मग बाटलीचं झाकण लावत म्हणाली, "कागद ऱ्हाऊ दे खिशात. अडीच वर्सं ऱ्हायलीत तुझी. ह्या वयात तुरुंगात जाशील? घर काय, दोन खोल्यांचं तर हाय."

"आक्का, आज पट्टी लावतील तेव्हा तू नुसतं काहीही म्हण, रेघ लालच येईल. तू सुटशील."

"रेघ लाल आली की पैल्यांदा हिरवी कशी आली ते इचारतील. कुनाला इचारतील?"

तेवढ्यात पुकारा झाला.

अध्यक्षस्थानी एक तरुण बाई होत्या, चेहऱ्यानं दयाळू. त्यांनी आक्काला नीट बसवलं, पाणी हवं का विचारलं. आयोगाच्या माणसानं पट्टी लावली. मल्लिनाथ साक्षीदाराच्या खुर्चीत, तिच्यापासून तीन हातांवर.

"आजी, अगदी मोकळेपणानं सांगा. जामीन देताना तुमच्यावर कोणाचा दबाव होता का?"

"न्हाई."

"तुम्ही स्वतःच्या खुशीनं सही केलीत?"

"हो."

मल्लिनाथचे डोळे तिच्या गळ्यावर खिळले होते. हनुवटीखालची शीर हलत होती. थांबत होती, हलत होती. एका ठेक्यात. आक्का पाढा म्हणत होती. ह्या वेळी तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"हिरवी रेघ," आयोगाचा माणूस म्हणाला.

बाईंना वाईट वाटल्याचं दिसलं. "संमती कायम होते," असं त्यांनी लिहायला सांगितलं. मग मल्लिनाथकडे वळून म्हणाल्या, "संमती अधिकारी, निकाल लिहिण्याआधी तुम्हाला काही सांगायचंय का?"

कागद छातीवरच्या खिशात होता. हात तिथपर्यंत न्यायचा, एवढंच काम होतं. मल्लिनाथला काय वाटलं म्हणाल तर खरं सांगायला हवं. हायसं वाटलं. बहिणीचं घर जात होतं आणि हिरवी रेघ ऐकून ह्या माणसाला आतून हायसं वाटलं होतं. ग्रॅच्युइटी दिसली, बायकोचा चेहरा दिसला, शेजाऱ्यांनी कुजबुजण्याचं कारण उरलं नाही हेही दिसलं. त्याच्या जिभेवर सगळं खरं जमून आलं होतं आणि त्याच्या गळ्याला पट्टी नव्हती.

"नाही," तो म्हणाला.

आक्कानं सुटकेचा श्वास टाकला. बाहेर आल्यावर तिनं त्याच्यासाठी उसाचा रस घेतला आणि पैसेही तिनंच दिले.

घराचा लिलाव झाला. बाकडं आणि वजनकाटा भंगारवाल्यानं नेला, रक्तदाबाचं यंत्र आक्कानं शेजारच्या सुनेला देऊन टाकलं. मल्लिनाथनं तिला आपल्या घरी आणलं, मागची खोली रंगवून दिली, नवी गादी आणली. यंत्रातली ती फट त्यानं शेवटी वर कळवली, निनावी पत्रानं. गाळणी बदलली. आता कोणीही काहीही म्हटलं तरी नकार लपत नव्हता. गावात लोक म्हणाले, यंत्र फार सुधारलं.

आक्का घरात कोणाला जड झाली नाही. मागच्या खोलीत ऊन येतं, चालेल का? चालंल की. आज भाजी परत वांग्याचीच आहे. असू दे की. दिवाळीला ओंकार आणि प्रणिता आले, ओंकारनं वाकून नमस्कार केला. तिनं दोघांना ओवाळलं. गल्लीतल्या बायकांना दमात घेणारी, डॉक्टरांनासुद्धा तोंडावर सुनावणारी आक्का ह्या घरात आल्यापासून कशालाच नाही म्हणाली नव्हती.

"किती समजूतदार आहेत हो तुमच्या आक्का," मल्लिनाथची बायको एकदा जेवताना कौतुकानं म्हणाली. "नाहीतर म्हातारी माणसं किती कटकट करतात."

आक्का भाकरी मोडत होती. मल्लिनाथला एकदा विचारल्याशिवाय राहवेना. "आक्का, तुला इथं बरं वाटतंय ना गं? मनापासून?"

"हो की रे," आक्का लगेच म्हणाली.

मल्लिनाथनं ताटावरून मान वर केली नाही. तिच्या गळ्याकडे बघायची त्याची छाती झाली नाही.